पॅडमध्ये मुरलेली शाई

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या वजिराबादेत झेरॉक्सच्या दुकानांत डोकावलात, तर रंगीत प्रिंटरच्या मागून बाहेर आलेली एक बारीक नळी कुठे ना कुठे दिसेल. तिचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलेलं असतं आणि बाटलीत काळपट जांभळं काहीतरी साचलेलं असतं. ही शाई एकाही कागदावर उमटलेली नाही. नोझल साफ करताना यंत्रानंच ती ओढून टाकली. कंपनीनं ती प्रिंटरच्या तळातल्या पॅडमध्ये जिरवायची सोय केलेली असते. दुकानदारानं नळी बाहेर काढली म्हणून निदान ती डोळ्यांना दिसते. दुकानदाराच्या पैशाची ही गळती सुरू कुठून झाली, हे पाहायला बरंच मागं जावं लागतं.

1867 साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी समुद्राखालच्या तारयंत्रासाठी सायफन रेकॉर्डरचं पेटंट घेतलं. केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून शाई कागदाला न टेकता उतरायची. पाण्याची धार आपोआप थेंबांत का तुटते, याचं गणित 1878 मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडलं. त्याचा थेट उपयोग व्हायला सत्तरेक वर्षं गेली. 1951 साली स्वीडनच्या रुने एल्मक्विस्ट यांना शाईच्या धारेनं आलेख काढणाऱ्या यंत्राचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि ईसीजीसारखे आलेख त्या धारेनं उमटू लागले. शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर बनवणारे एल्मक्विस्ट ते हेच.

साठच्या दशकात स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांनी थेंबांवर विद्युतभार देऊन ते हवे तिकडे वळवले. या पद्धतीत धार कधी थांबतच नाही. जो थेंब कागदावर नको असेल तो एका पन्हळीत पडतो आणि पुन्हा टाकीत जातो. डाळीच्या, तेलाच्या पाकिटांवर तारीख आणि किंमत मारणारी यंत्रं आजही याच घराण्यातली. त्यांच्यात शाईतला द्रावक उडून जातो, तो वरून भरावा लागतो, पण शाई फेकून द्यायची वेळ फारशी येत नाही. वाहती धार सुकत नाही, एवढं साधं कारण त्यामागं आहे.

घरात आणि दुकानात आला तो मात्र दुसरा वंश. यात हवा तेव्हाच थेंब सोडायचा आणि बाकी वेळ नोझलनं शाई तोंडाशी धरून बसायचं. वाट पाहणारी ही शाई सुकते आणि साफसफाईचा सगळा खर्च तिथं सुरू होतो. 1977 साली कॅननमध्ये इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेला सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागला आणि शाई उडाली. उष्णतेच्या बुडबुड्यानं थेंब ढकलायची कल्पना त्यातून आली. एचपीनं त्याच सुमारास ती स्वतंत्रपणे शोधली आणि 1984 च्या थिंकजेटमध्ये बारा नोझलांचं हेड कार्ट्रिजलाच जोडून टाकलं. शाई संपली की हेडही टाका, नवं कार्ट्रिज म्हणजे नवी नोझल. एप्सननं 1993 च्या स्टायलस 800 मध्ये उलटा निर्णय घेतला. विजेच्या दाबानं वाकणाऱ्या पिझो स्फटिकाचं हेड यंत्रातच कायमचं बसवलं. हेड टिकाऊ झालं, पण ते चोक झालं तर बदलणं परवडत नाही. मग त्याला जिवंत ठेवायला शाईच वापरायची असं ठरलं. बाटलीतल्या जांभळ्या पाण्याचा उगम मला या निर्णयात दिसतो.

हेड उजव्या कोपऱ्यात उभं राहतं. खालून रबराची टोपी येऊन त्याला घट्ट बसते आणि पंप शाई ओढतो. मग रबराची पट्टी हेडचं तोंड पुसते आणि मिसळलेले रंग निघून जावेत म्हणून प्रत्येक नोझल थोडे थेंब थुंकतं. स्वस्त चाररंगी यंत्रांत बहुधा एकच टोपी सगळ्या रंगांना झाकते. त्यामुळे चोक असतो फक्त काळा, पण पिवळा, निळा आणि गुलाबीही ओढला जातो. मला सर्वांत खटकतं ते हेच.

2013 साली अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं प्रिंटर तपासले. अधूनमधून छापणाऱ्यांच्या वापरात कित्येक मॉडेलांमध्ये निम्मी किंवा त्याहूनही जास्त शाई पानापर्यंत पोचलीच नाही. प्रिंटर चालूच ठेवा, कारण बंद करून पुन्हा लावला की काही यंत्रं साफसफाई सुरू करतात, असा त्यांचा सल्ला होता.

असा सल्ला 2005 नंतरच्या मराठवाड्यात कुणाला लागू पडला असता? भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. मुखेड, देगलूर, निलंगा, अहमदपूरला लाइट तासन्‌तास नसायची. छापता छापता वीज गेली की हेड मध्येच उघडं राहायचं. त्यात मे महिन्याची कोरडी हवा. लाइट आली की यंत्र जागं होऊन आधी शाई ओढणार, मग छापणार. कार्ट्रिजमध्ये शाई मोजून काही मिली, त्यातली अशी गेली की पासपोर्ट फोटोच्या धंद्यात उरायचं काय? लोकांनी बाहेरून टाक्या आणि नळ्या जोडल्या त्या याच हिशेबानं. एप्सननं 2010 मध्ये इंडोनेशियात टाकीवाला प्रिंटर आणला, पुढच्या वर्षी तो भारतात आला. शाई स्वस्त झाली आणि नासाडीकडचं लक्ष उडालं.

फ्लेक्सवाल्यांचं लक्ष उडालेलं नाही. त्यांच्या यंत्राचं एक हेड जायचं म्हणजे मोठा फटका. म्हणून रात्री दुकान बंद करताना फ्लशिंगच्या द्रवात भिजवलेल्या स्पंजवर हेड टेकवून जातात. ‘हेड ओलं ठेव’ हे नव्या पोराला पहिल्या दिवशीच सांगितलं जातं. हीच शिस्त छोट्या प्रिंटरवाल्यांनी उचलायला हवी. पानावर रेघा सुटल्या की सात-आठ वेळा लागोपाठ क्लीनिंग मारायची सवय फार वाईट आहे. आधी नोझल चेक मारावा, त्याला शाई जवळजवळ लागत नाही. त्यात छापून येणाऱ्या चौकडीतली रेघ तुटली असेल तरच क्लीनिंग, आणि तेही तीनदाच. तरी रेघ आली नाही तर यंत्र बारा तास तसंच ठेवावं. एप्सनच्या टाकीवाल्या मॉडेलांच्या पुस्तिकेतही हेच लिहिलंय, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना ती कोण वाचतो! त्या बारा तासांत सुकलेली शाई मऊ पडते, आतले बुडबुडे विरतात. पॉवर क्लीनिंग अगदी शेवटी, कारण त्यात नळ्यांमधली सगळी शाई बदलली जाते. टाकी एक-तृतीयांशाच्या खाली असताना ते केलं तर हवा ओढली जाऊन दुखणं वाढतं. भिंतीवरचं बटण थेट दाबण्याऐवजी प्रिंटरचं बटण दाबून बंद केलं, की हेड टोपीत नीट बसतं. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी आणि नंतर शुकशुकाट, असा धंदा असलेल्यांनी दोन-तीन दिवसांआड चारही रंगांची एक पट्टी छापली, तर ती शाई क्लीनिंगपेक्षा कितीतरी कमी लागते.

पॅडचंही सांगायला हवं. पॅड किती भिजलंय हे बहुतेक यंत्रांत मोजलं जात नाही. किती वेळा साफसफाई झाली त्यावरून अंदाज बांधला जातो आणि मर्यादा आली की दिवे लुकलुकून यंत्र अडून बसतं. मग पेनड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर आणून ‘रीसेट मारतात’. आकडा शून्य होतो, पॅड मात्र तसंच भिजलेलं राहतं आणि एके दिवशी टेबलावर शाई गळते. अलीकडच्या काही मॉडेलांत हे पॅड गिऱ्हाइकाला स्वतः बदलता येईल अशा डबीत दिलंय. ती सोय सर्वांत स्वस्त यंत्रापर्यंत यायला हवी, आणि एकेक रंग वेगळा साफ करायची सोयही. बाटलीभर शाईत किती पानं निघतील, हा आकडा कंपन्या अभिमानानं जाहीर करतात. एका क्लीनिंगला किती मिली शाई जाते, तो आकडा त्याच्या शेजारी छापायला त्यांना भाग पाडलं पाहिजे.