फेराइट सिरॅमिक आणि जव्हार-मोखाड्याचा कातळ : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे आदिवासीबहुल डोंगराळ तालुके दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसले आहेत. या काळ्या कातळात लोह व टायटॅनियम यांचे टायटॅनोमॅग्नेटाइट हे मिश्र ऑक्साइड अल्प प्रमाणात असते. इलेक्ट्रॉनिक उद्योगातील फेराइट हे सिरॅमिक याच स्पिनेल कुळातील आहे. या दोहोंचा इतिहास एकत्रितपणे मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना व गुणधर्म : लोहाच्या ऑक्साइडबरोबर निकेल, मँगनीज, जस्त इत्यादी धातूंची ऑक्साइडे संयोग पावून फेराइट बनते. स्पिनेलची स्फटिकरचना १९१५ साली ब्रॅग व निशिकावा यांनी स्वतंत्रपणे उलगडली. तीत धातूचे आयन दोन प्रकारच्या जागी बसतात. या दोन गटांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध, पण असमान असते. उरलेला फरक म्हणजेच फेराइटचे चुंबकत्व, असे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४८ मध्ये दाखविले. त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक लाभले.

उपयोग : लोखंडाच्या गाभ्यात उच्च वारंवारतेला भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होऊन ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाते. फेराइटचा विद्युतरोध लोखंडाच्या लाखो पटींहून अधिक असल्याने ही हानी अत्यल्प राहते. टोकियोत काटो व ताकेई यांनी १९३० मध्ये, तर पुढे हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी या गुणाचा पाठपुरावा केला. वीज न पोहोचलेल्या खेड्यांत सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये ध्वनिलहरी नव्हे, तर रेडिओलहरी टिपणारी कांडी फेराइटचीच होती. आजच्या मोबाइल चार्जरमधील रोहित्राचा गाभाही फेराइटचाच असतो.

कातळातील नोंद : लाव्हा थंड होताना त्यातील चुंबकीय खनिजे तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा व कल जतन करतात. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये, तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आठवले, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी १९६३ मध्ये भारतीय खडकांच्या चुंबकत्वावरील संशोधन प्रसिद्ध केले. दख्खनचे लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाले, तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, हे अशा मापनांतूनच सिद्ध झाले.

समारोप : ऑक्साइडे तोलणे, खलात घोटणे, दाबून वड्या करणे व सुमारे १००० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजणे, एवढ्या सामग्रीत फेराइट तयार होते. म्हणूनच महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत हे संशोधन रुजले. ग्रामीण महाविद्यालयाने त्यास परिसरातील खडकाच्या अभ्यासाची जोड दिल्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व भूगोल हे विषय एकाच दगडाभोवती एकत्र येतील, आणि विद्यार्थ्यास आपल्या पायाखालच्या भूमीचा इतिहास वाचता येईल.