आकाश क्षेपणास्त्राची उडती प्रतिकृती

आकाश क्षेपणास्त्राची उडती प्रतिकृती म्हणजे तयार संच न वापरता, मूळ मापांवरून घडवलेले व प्रत्यक्ष उडणारे छोटे प्रारूप होय. जमिनीवरून हवेत मारा करणाऱ्या या भारतीय क्षेपणास्त्राचा प्रक्षेपक पुण्यातील दिघी येथील डीआरडीओच्या संशोधन व विकास आस्थापनेने (अभियंते) विकसित केला.

मूळ क्षेपणास्त्र ५.७८ मीटर लांब, ३५ सेंमी व्यासाचे व सुमारे ७२० किलो वजनाचे आहे. १:१० प्रमाणात लांबी ५७.८ सेंमी व व्यास ३.५ सेंमी येतो. कागदी नळी व बाल्सा लाकडामुळे प्रतिकृती हलकी राहते.

खरी अडचण पंखांची असते. मूळ क्षेपणास्त्र मध्यभागीचे चार पंख वळवून दिशा बदलते. प्रतिकृतीत मार्गदर्शन यंत्रणा नसल्याने हेच पंख दाबकेंद्र, म्हणजे हवेचे एकत्रित बल जेथे लागते तो बिंदू, पुढे ओढतात. स्थिर उड्डाणासाठी गुरुत्वमध्य त्याच्या किमान एक व्यास पुढे असावा लागतो. त्यासाठी नाकात वजन भरतात किंवा शेपटीचे पंख वाढवतात. दुसऱ्या उपायाने अर्थातच प्रमाणबद्धता बिघडते. मोटर बसवलेली प्रतिकृती गुरुत्वमध्याशी दोरीने बांधून गोल फिरवली असता नाक पुढे राहिले, तर ती सहसा स्थिर मानतात.

विनापरवाना स्फोटके बनवणे हा १८८४ च्या स्फोटके अधिनियमानुसार गुन्हा असल्याने घरी दारू भरून मोटर बनवता येत नाही. विद्यार्थ्यांसाठी पाणी व दाबलेल्या हवेवर उडणारा बाटलीचा अग्निबाण हा पर्याय आहे. मात्र दोन लिटरच्या बाटलीचा व्यास सुमारे ११ सेंमी असल्याने प्रतिकृती जवळपास १.८ मीटर लांब करावी लागते.