आसनामागची टाकी : अमेरिकन पिकअपमधील एका स्थलांतराचा इतिहास

फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी गाडीच्या मागे पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरना विक्रीस आणली, तेव्हा या पिकअपची इंधनटाकी पुढच्या आसनाखाली होती. पेट्रोल भरायचे तर गादी उचलावी लागे आणि किती उरले आहे हे टाकीत पट्टी बुडवून पाहावे लागे. गाडीला इंधनपंप नसल्यामुळे पेट्रोल केवळ उताराने कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागापर्यंत, वाहत जाई. टाकी अर्धवट रिकामी असताना खडा चढ लागला की इंजिन टाकीच्या वर जाऊन पुरवठा तुटे, आणि मग चालक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत. १९२८ च्या मॉडेल ए मध्ये टाकी इंजिन आणि चालक यांच्यामध्ये, समोरच्या काचेच्या बुडाशी आली. उंचीमुळे पुरवठ्याची अडचण मिटली खरी, पण आता पेट्रोल बसणाऱ्यांच्या गुडघ्यांच्या वर आले, आणि त्या काळी त्यात कोणाला फारसे वावगे वाटले नाही.

इंजिनाच्या गतीवर चालणारा यांत्रिक पंप रूढ झाल्यावर टाकी उंचावर ठेवण्याचे कारण उरले नाही आणि ती चॅसीच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या, आसऱ्याला जाऊ शकली. तरीही १९४९ साली शेव्हरोलेटने आपल्या पिकअपची टाकी हौद्याखालून काढून केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे उभी बसवली. पुढे १९६० च्या दशकातील फोर्ड एफ-१०० आणि शेव्हरोलेट सी-१० यांतही हीच मांडणी दिसते. तिच्यात व्यवहार होता : चिखल आणि दगड यांपासून टाकी सुरक्षित राही, आणि मागे कोणताही हौदा बसवला तरी इंधनाच्या नळ्यांना हात लावावा लागत नसे. भरण्याचे तोंड केबिनच्या बाहेरच्या अंगाला दाराच्या मागे असे आणि तेथून आखूड रबरी नळी आत जाई. ही नळी वयोमानाने तडकली की वास थेट केबिनमध्ये पसरे. शिवाय पाऊणशे लिटरच्या आसपासचे पेट्रोल पाठीशी डुचमळत असल्याचा आवाज वळणावर ऐकू येई.

चालकाच्या अंगाशी टाकी ठेवण्याची रीत पिकअपपुरती नव्हती. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली होती आणि गादी उचलूनच ती भरावी लागे. १९४५ च्या नागरी जीपमध्ये टाकी तेथेच राहिली, फक्त भरण्याचे तोंड बाहेर आले. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केल्यामुळे महाराष्ट्राला या घराण्याची ओळख जवळून आहे.

टाकीला केबिनबाहेर काढण्यामागे कायद्याचा वाटा मोठा होता. अपघातात इंधन किती सांडू शकते याला मर्यादा घालणारे अमेरिकेचे संघीय मानक क्रमांक ३०१ हे १९६८ पासून प्रवासी मोटारींना लागू झाले आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हलक्या ट्रकांपर्यंत पोहोचले. ते ट्रकांना लागू होण्याआधीच, १९७३ च्या नमुन्यात, फोर्डने टाकी हौद्याखाली नेली. शेव्हरोलेटची मालक कंपनी जनरल मोटर्स हिने मात्र ती सांगाड्याच्या तुळयांच्या बाहेर, गाडीच्या कुशीला टांगली. दोन्ही बाजूंना दोन टाक्या बसवता येत असल्याने एका फेरीत लांबचा पल्ला गाठता येई, पण बाजूने धडक बसली तर टाकीच्या आड पातळ पत्र्याखेरीज फारसे काही नसे. या मांडणीवरून पुढे खटले झाले. १९९२ मध्ये एनबीसी वाहिनीने दाखवलेल्या चाचणीत आग लागावी म्हणून ठिणगीची साधने आधीच लावली होती, असे उघड झाल्याने वाहिनीला माफी मागावी लागली. परंतु त्या लबाडीमुळे टाकीचा मूळ दोष नाहीसा होत नव्हता. डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीने गाड्या परत न बोलावता सुरक्षा कार्यक्रमांसाठी ५ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले आणि या टाक्यांविषयीची सरकारी चौकशी मिटली.

जुन्या पिकअपचे हौशी मालक टाकी हलवतात, तेव्हा ते कारखान्यांनी केलेलेच काम पुन्हा करतात. नवी टाकी मागच्या ॲक्सलच्या पलीकडे दोन तुळयांच्या मध्ये बसते, त्यासाठी बहुधा स्टेपनीची जागा सोडावी लागते, आणि भरण्याचे तोंड हौद्याच्या तळाशी झाकणाखाली किंवा मागच्या मडगार्डात नेले जाते. भरण्याच्या नळीला सलग उतार आणि हवा बाहेर पडण्यासाठी वेगळी बारीक नळी नसेल, तर पंपावर पेट्रोल उलटून सांडते. पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाचा विद्युत रोध डॅशबोर्डवरील काट्याशी जुळला नाही, तर काटाच खोटा बोलतो : जनरल मोटर्सच्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या काट्याला रिकाम्या टाकीसाठी शून्य आणि भरलेलीसाठी ९० ओहम लागतात, तर जुन्या फोर्डला रिकाम्यासाठी ७३ आणि भरलेलीसाठी सुमारे १०, म्हणजे दोघांची दिशाच उलटी.

या कामासाठी मोठी पसंती १९७३ नंतरच्या शेव्हरोलेट ब्लेझरच्या टाकीला असते. ती मागे, तुळयांच्या मध्येच होती. म्हणजे ज्या वर्षांत कंपनी पिकअपच्या टाक्या बाहेर टांगत होती, त्याच वर्षांत तिच्याच दुसऱ्या गाडीत अधिक सुरक्षित जागा वापरात होती. पिकअपची टाकी तुळयांच्या आत आली ती १९८८ च्या नमुन्यात.