बुऱ्हाणपूर : तीन दिवसांची पायपीट

मंडळी, बुऱ्हाणपूर म्हटलं की आपल्याला आठवते ती जानेवारी १६८१ ची लूट. संभाजी महाराजांच्या फौजेने तिथली बहादुरपुरा पेठ लुटली. शाळेत हे वाचताना आमची छाती फुगायची.

यंदा ते शहर गाईडबरोबर तीन दिवस पायी पाहिलं. पहिल्या दिवशी तापीकाठचा शाही किल्ला. मुमताज महल बुऱ्हाणपुरातच, १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात गेली. दुसऱ्या दिवशी जामा मशीद. फारुकी सुलतानाने तिथे अरबीसोबत संस्कृत शिलालेखही कोरवून घेतलाय! तिसऱ्या दिवशी कुंडी भंडारा. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी अडवून भुयारातून शहरात आणलेलं, वर शंभरेक कुंड्या. १६१५ च्या सुमारास खानखाना अब्दुल रहीमच्या काळात झालेलं हे काम. आपले दोहेवाले रहीम, तेच हे.

तिथे एक गोष्ट मनात आली. लुटीने मोगलांना हादरा बसला हे खरंच, त्याचा अभिमानही आहे. पण बहादुरपुरा म्हणजे नुसता मोगलांचा खजिना नव्हता. तिथे व्यापारी राहायचे, त्यांचे संसार होते. त्यांचं काय झालं, हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

नातवंडांना ती स्वारी जरूर सांगा. जमल्यास कुंडी भंडाराही दाखवून आणा.