छातीवर छेद, पण धमनी मोकळी : १९५९ ची एक शस्त्रक्रिया-चाचणी

प्रयोगशाळेत व्होल्टमीटर हातात घेतल्यावर तुम्ही आधी काय पाहता? मीटरला काहीही जोडलेले नसताना काटा शून्यावर आहे की नाही, ते. काटा मुळातच दोनवर असेल, तर पुढच्या प्रत्येक वाचनातले दोन मीटरचे असतात, मंडलाचे नव्हेत. माझे विद्यार्थी ही पायरी हमखास गाळतात. हृदयशस्त्रक्रियेतही ती बराच काळ गाळली गेली होती. ती कशी घेतली गेली आणि तिची किंमत कोणी मोजली, ते या टिपणात पाहू.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या अरुंद झाल्या, की चालताना किंवा जिना चढताना छातीत कळ येते. याला अंजायना किंवा हृदयशूळ म्हणतात. १९५० च्या दशकात यावर मुख्य आधार नायट्रोग्लिसरीनच्या गोळीचा होता. बायपास शस्त्रक्रिया अजून रूढ झालेली नव्हती.

इटलीतील फिएस्की यांनी १९३९ साली एक कल्पना मांडली होती. उरोस्थीच्या दोन्ही बाजूंनी, छातीच्या आतून एकेक इंटर्नल मॅमरी धमनी खाली जाते. तिची एक बारीक शाखा हृदयाच्या आवरणाकडे वळते. ही शाखा फुटते त्याच्या खाली मुख्य धमनी बांधून टाकली, तर अडलेले रक्त शाखेत शिरेल आणि हृदयाला जादा पुरवठा होईल, असा तर्क होता. पाण्याच्या नळाचा एक फाटा बंद केला की दुसऱ्याला जोर येतो, तसेच हे. तुम्हा-आम्हा अभियंत्यांना हा तर्क लगेच पटतो, आणि इथेच सावध व्हायला हवे. शाखेतला दाब वाढला, तरी ते रक्त हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचायला पुरेशी मोठी वाट आहे का, हा प्रश्न त्या चित्रात दिसतच नाही.

शस्त्रक्रिया सोपी होती. स्थानिक भूल, दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीमधल्या जागेत दोन्ही बाजूंना लहान छेद, धमनीला गाठ, वर टाके. छाती उघडावी लागत नसे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ग्लोव्हर, किचेल आदींनी ती केली आणि बहुसंख्य रुग्णांना आराम पडल्याचे नोंदवले. १९५७ साली ‘रीडर्स डायजेस्ट’मध्येही तिच्याविषयी लेख आला. डॉक्टर खोटे बोलत नव्हते, रुग्णही नव्हते. तुलनेला मात्र कोणी नव्हते.

सिॲटलमध्ये लिओनार्ड कॉब व सहकाऱ्यांनी १७ रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या छातीवर छेद दिला, धमन्या मोकळ्या करून समोर आणल्या. त्यानंतर शल्यविशारदाच्या हाती एक बंद पाकीट दिले जाई. आतल्या चिठ्ठीवर लिहिलेले असे : बांधा, किंवा बांधू नका. ८ जणांच्या धमन्या बांधल्या. ९ जणांना नुसतेच टाके घातले. कोणाचे काय झाले, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. यालाच आज आपण दुहेरी अंध चाचणी म्हणतो.

सहा महिन्यांनी रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार सरासरी सुधारणा धमनी बांधलेल्या गटात ३२ टक्के होती, न बांधलेल्या गटात ४३ टक्के. गट लहान होते, त्यामुळे ‘न बांधणे अधिक चांगले’ असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच, की गाठीचा वेगळा परिणाम दिसला नाही. पुढच्याच वर्षी कॅन्ससमध्ये ग्रे डायमंड यांच्या चाचणीत १३ जणांच्या धमन्या बांधल्या आणि ५ जणांच्या नाही. न बांधलेल्या पाचही जणांना चांगला आराम वाटला. ही शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली.

मग आराम कशाने पडला? अंजायनाची तीव्रता कमी-जास्त होत असते आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो बहुधा दुखणे टोकाला गेले असताना. त्यानंतर उतार पडणे साहजिक. शिवाय शस्त्रक्रिया झाली हा विश्वास, डॉक्टरांचे लक्ष, पुन्हा चालून पाहण्याचे धैर्य. कळ कमी झाली हे खरेच होते. श्रेय चुकीच्या जागी जात होते.

आता किमतीचा भाग. त्या रुग्णांना शस्त्रक्रियेचे मूल्यमापन चालू आहे एवढेच सांगितले होते. आपली धमनी बांधली जाणारच नाही, अशी शक्यता त्यांना सांगितली नव्हती. न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची, म्हणजे आधीची, आणि हेलसिंकी घोषणापत्र १९६४ चे. माझ्या मते ही फसवणूकच होती, निष्कर्ष कितीही मोलाचा असला तरी. पण चाचणीविना हीच शस्त्रक्रिया आणखी किती जणांवर होत राहिली असती, हेही तुम्ही दुसऱ्या पारड्यात टाकून पाहा.

आणि हीच धमनी पुढे खरोखर उपयोगी पडली! १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्ह यांनी ती न बांधता थेट कोरोनरी धमनीला जोडली. बायपासमध्ये ती आजही वापरतात.

शून्य वाचनाचा प्रश्न ब्रिटनमध्ये पुन्हा आला, या वेळी स्टेंटबाबत. (हृदयविकाराचा झटका आला असताना स्टेंट बसवणे हा वेगळा विषय आहे, इथे प्रश्न स्थिर अंजायनाचा.) रशा अल-लामी यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्ण होते. कदाचित आपल्याला स्टेंट बसवला जाणार नाही, हे त्यांना आधी सांगून संमती घेतली होती. कानाला हेडफोन लावून संगीत चालू ठेवले होते, म्हणजे खोलीतले बोलणे ऐकू येऊ नये. औषधे चालू असताना व्यायामाच्या वेळेत दोन गटांतला फरक १६.६ सेकंद निघाला, संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत ३०१ रुग्णांची अंजायनावरची औषधे थांबवली, तेव्हा मात्र स्टेंटचा गट स्पष्टपणे पुढे होता. तरी १२ आठवड्यांनंतर त्या गटातही निम्म्याहून अधिक जणांची कळ पूर्णपणे गेलेली नव्हती.