एकेकाळी मुंबईचं घड्याळ देशाच्या ३९ मिनिटं मागे चालायचं, आणि त्यावरून गिरणीवर दगडफेकही झाली होती

साल १९२० च्या आसपासची मुंबई डोळ्यांसमोर आणा. तुम्ही क्रॉफर्ड मार्केटमध्ये भाजी घेताय. मार्केटच्या टॉवरवरच्या घड्याळात संध्याकाळचे ५ वाजून २१ मिनिटं झालीत. सहाची गाडी पकडायची आहे, बोरीबंदर चालत दहा मिनिटांवर, म्हणजे वेळच वेळ. तुम्ही निवांत स्टेशनवर पोहोचता तर गाडी निघून गेलेली.

घड्याळ बिघडलं होतं का? अजिबात नाही. मार्केटचं घड्याळही बरोबर होतं आणि स्टेशनचंही. फक्त मार्केट ‘मुंबई टाइम’वर चालत होतं आणि रेल्वे ‘स्टँडर्ड टाइम’वर. एकाच शहरात दोन वेळा, आणि दोन्हींमध्ये तब्बल ३९ मिनिटांचा फरक!

हा घोळ दोन-चार महिने नाही, तर चाळीसहून जास्त वर्षं चालला. देश स्वतंत्र झाला तरी मुंबईची ही घड्याळं मागेच होती.

मुळात प्रत्येक शहराची वेळ वेगळी का होती?

रेल्वे यायच्या आधी वेळेचं गणित सोपं होतं. सूर्य डोक्यावर आला की दुपारचे बारा. पण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी डोक्यावर येतो. एका रेखांशाला चार मिनिटं असा हा हिशोब. म्हणजे सूर्याप्रमाणे पाहिलं तर पुणं मुंबईच्या चार मिनिटं पुढे आहे आणि नागपूर तर जवळपास २५ मिनिटं पुढे.

मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. मद्रासची ५ तास २१ मिनिटं आणि कलकत्त्याची साधारण ५ तास ५३ मिनिटं. बैलगाडीच्या आणि घोड्याच्या काळात याने कुणाचंच काही अडत नव्हतं.

अडायला लागलं ते १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्यानंतर. रेल्वेचं जाळं पसरलं, तारायंत्र आलं आणि प्रत्येक गावाची वेगळी वेळ धरून वेळापत्रक बनवणं अशक्य झालं. मग रेल्वेने मद्रासची वेळ उचलली. तिथे जुनी वेधशाळा होती आणि मद्रासची वेळ मुंबई आणि कलकत्त्याच्या बरोबर मधोमध पडत होती. हा तोडगा रेल्वेपुरता होता तोवर लोकांनीही फार मनावर घेतलं नाही. गाडी पकडायची असेल तर अर्धा तास आधी निघायचं, एवढंच.

गव्हर्नरसाहेबांनी हात घातला आणि पोळला

१८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होते सर जेम्स फर्ग्युसन. होय, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. त्यांनी ठरवलं की आता मुंबईच्या सरकारी कचेऱ्याही मद्रासच्या वेळेवर चालतील.

मुंबईकर खवळले. मुंबई म्हणजे देशाच्या व्यापाराची राजधानी, आणि तिने मद्रासच्या घड्याळाकडे बघून उठायचं? शिवाय कुणाला विचारलं होतं? कचेरी एका वेळेवर आणि बाजार दुसऱ्या वेळेवर, असा गोंधळ सुरू झाला.

यात अडकला तो राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचं नाव मिळालेला हा टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला होता. त्याचं घड्याळ म्हणजे अख्ख्या फोर्टचं घड्याळ. सरकारचं म्हणणं होतं की सरकारी पैशातून रात्री उजळणाऱ्या घड्याळाने सरकारी वेळच दाखवली पाहिजे. विद्यापीठ मात्र मुंबईच्याच वेळेवर अडून राहिलं. शेवटी १८८३ मध्ये सरकारने आपला हुकूम मागे घेतला.

घड्याळाच्या लढाईची पहिली फेरी मुंबईने जिंकली होती.

१ जानेवारी १९०६: आता अख्ख्या देशाची एकच वेळ

दरम्यान जगात हवा बदलली होती. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली, ग्रीनिचचा रेखांश शून्य धरायचं ठरलं आणि हळूहळू देशोदेशी प्रमाणवेळा ठरू लागल्या. भारतासाठी मिर्झापूरजवळून जाणारा साडेब्याऐंशी अंश रेखांश निवडला गेला. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. आज आपल्या मोबाइलमध्ये दिसते तीच ही वेळ.

१ जानेवारी १९०६ पासून ती लागू झाली. मद्रासला घड्याळ फक्त नऊ मिनिटं पुढे करावं लागलं. मुंबईला मात्र थेट ३९ मिनिटं.

आणि वेळ निवडली होती तीही कशी? काही महिन्यांपूर्वीच, १९०५ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या सरकारने बंगालची फाळणी केली होती. स्वदेशी आणि बहिष्काराचं वारं देशभर होतं. अशात सरकारने घड्याळाचे काटे जरी हलवले तरी लोकांना त्यात सरकारची मनमानी दिसणारच होती.

गिरणगावात ३९ मिनिटांची किंमत काय होती?

फोर्टातल्या साहेबासाठी ३९ मिनिटं म्हणजे गैरसोय. पण गिरणी कामगारासाठी तो झोपेचा प्रश्न होता.

त्या काळी गिरण्या उजेडावर चालायच्या. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. मग मुंबईच्या गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि मालकांना अंधारातही काम करून घेता येऊ लागलं. कामाचे तास वाढले. मोठ्या पुरुष कामगाराने दिवसाला किती तास काम करायचं यावर तेव्हा कायद्याचं बंधनच नव्हतं. कापड गिरण्यांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती थेट १९११ च्या कायद्यात. वाढत्या तासांवरून १९०५ मध्ये गिरणगाव आधीच पेटलेलं होतं, संपही झाले होते.

त्यात ही नवी वेळ आली. समजा कामावर हजर व्हायची वेळ सकाळी सहाची आहे. नव्या घड्याळाने सहा म्हणजे जुन्या मुंबई टाइमचे ५ वाजून २१ मिनिटं. जानेवारीत मुंबईत नव्या वेळेप्रमाणे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे पुरेशी झोप व्हायच्या आधीच, थंडीत, काळोखात चाळीतून बाहेर पडायचं.

कागदावर उत्तर सोपं होतं. सकाळी ३९ मिनिटं आधी या, संध्याकाळी ३९ मिनिटं आधी जा. पण बहुतेक कामगारांकडे स्वतःचं घड्याळ नव्हतं, भोंगा मालकाचा होता आणि दिव्याचं बटणही मालकाच्याच हातात. सकाळचा भोंगा लवकर वाजेल हे नक्की होतं, संध्याकाळचाही लवकर वाजेल याची हमी कोण देणार?

जानेवारी १९०६ मध्ये हजारो कामगारांनी नव्या वेळेवर काम करायला नकार दिला. गिरणीवर दगडफेक झाली. मालकांना नमतं घ्यावं लागलं आणि कामगार जुन्या वेळेवर कामाला लागले.

महापालिका विरुद्ध सरकार

कामगार रस्त्यावर लढत होते, तशी दुसरी लढाई महापालिकेच्या सभागृहात सुरू होती. तिथे विरोधाच्या आघाडीवर होते फिरोजशहा मेहता. त्यांचा मुद्दा साधा होता, सरकारने लोकांना विश्वासात न घेता ही वेळ त्यांच्यावर लादली आहे.

१९०६ मध्ये पालिकेने मुंबई टाइमच्या बाजूने कौल दिला. आणि मग सुरू झाला तो सुरुवातीला सांगितलेला घोळ. रेल्वे, तारखातं, सरकारी कचेऱ्या स्टँडर्ड टाइमवर आणि पालिकेची घड्याळं मुंबई टाइमवर.

वेळ विचारली की ‘कुठली, मुंबई की स्टँडर्ड?’ हे ठरवूनच उत्तर द्यावं लागायचं. जुन्या लग्नपत्रिकांमध्ये मुहूर्ताच्या वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ अशी अक्षरं दिसतात, ती उगाच नाहीत. ३९ मिनिटांचा फरक म्हणजे पाहुणे यायच्या आत अक्षता पडून जायच्या.

मग हे संपलं कधी?

आपली वेगळी वेळ धरून बसलेली मुंबई एकटी नव्हती. कलकत्त्यातही स्थानिक वेळ १९४८ पर्यंत टिकून होती. मुंबईने तर त्याहूनही जास्त ताणलं. १९५० च्या दशकात कुठे मुंबई टाइमने निरोप घेतला.

तोवर ज्या सरकारविरुद्ध हा हट्ट धरला होता ते सरकारच गेलं होतं. देश आपला, तर देशाची वेळही आपलीच. शिवाय रेल्वे आणि रेडिओच्या वेळेवर जगणाऱ्या नव्या पिढीला वेगळ्या वेळेचं अप्रूपही उरलं नव्हतं. विरोधाचं कारणच संपलं तसा विरोधही संपला.

आज मागे वळून बघताना मुंबईकर हट्टी वाटतील. एकच वेळ सगळ्यांच्या सोयीची, हे तर उघड आहे. पण भांडण कधीच नुसत्या मिनिटांचं नव्हतं. घड्याळाचा काटा कुणी हलवायचा आणि त्यासाठी झोप कुणी मोडायची, यावर ते भांडण होतं. म्हणूनच त्यात फिरोजशहा मेहतांसारखे बॅरिस्टरही होते आणि गिरणीत राबणारे कामगारही.

सूर्याने मात्र स्टँडर्ड टाइम कधीच मान्य केला नाही. मुंबईत आजही तो दुपारी बाराला डोक्यावर येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास, आणि वर्षाची सरासरी काढली तर साधारण १२ वाजून ३९ मिनिटांनी.

म्हणजे मुंबईतल्या घड्याळांवरून पुसला गेलेला मुंबई टाइम आकाशात आजही रोज वाजतोच.