हंड्यातली तुरटी आणि मॉस्कोतली माती

येवला म्हटलं की पैठणीच आठवते. आज पैठणी नाही, पाणी. हा तालुका पर्जन्यछायेतला. कादवेवरच्या पालखेड धरणाच्या कालव्याला आवर्तन आलं की जीव भांड्यात पडतो. पावसाळ्यात पाणी मिळायचं, पण चहाच्या रंगाचं. मग आजी हंड्यात तुरटीचा खडा चार वेढे फिरवायची. सकाळी वर नितळ पाणी, तळाशी चिखल. मला वाटायचं, तुरटी मातीला ओढून खाली नेते. तसं नाहीये.

खरा प्रश्न उलटा आहे. काळ्या मातीचे बारीक कण पाण्यात दिवसेंदिवस तरंगतातच कसे? उत्तराचा पहिला धागा मॉस्कोत सापडला. 1807 साली फर्डिनांड रॉयसने ओल्या मातीत काचेच्या दोन नळ्या खोचल्या, त्यात पाणी भरलं आणि बॅटरी जोडली. मातीचे कण धन टोकाकडच्या नळीत वर चढून पाणी गढूळ करू लागले, आणि ऋण टोकाकडचं पाणी वर चढलं. म्हणजे कणांवर ऋण भार होता. आपल्या काळ्या मातीत तर तो कणाच्या घडणीतच असतो. स्फटिकात ॲल्युमिनियमच्या जागी कुठे कुठे मॅग्नेशियम बसतं, धन भार कमी पडतो. सगळे कण ऋण, म्हणून एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात.

1882 मध्ये शुल्झला दिसलं की असे कण गोठवायला साध्या मिठाच्या सोडियमपेक्षा तीन भारांचं ॲल्युमिनियम शेकडो पटींनी कमी लागतं. तुरटीत तेच असतं! 1900 साली हार्डीने दाखवलं की भार शून्याजवळ आला की कण एकमेकांना चिकटतात. गोळे जड होतात आणि बसतात. तुरटीतून तयार होणारा हायड्रॉक्साइडचा चिकट साकाही त्यांना सोबत घेऊन खाली जातो.

आता मोजायचं कसं? गंमत अशी की कणाच्या पृष्ठावरचा विद्युतदाब थेट मोजणं अवघड असतं. कण आपल्याभोवती पाण्याचा आणि उलट्या भारांचा एक पातळ थर घेऊन हिंडतो. त्या थराच्या कडेला जो विद्युतदाब असतो, तो झीटा विभव. विजेच्या क्षेत्रात कण किती वेगाने सरकतो ते बघायचं आणि 1903 मधल्या स्मोलुचोव्हस्कीच्या सूत्राने दाब काढायचा. 1920च्या दशकात कलकत्त्याला ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी यांनी नळीतल्या गढूळ आणि स्वच्छ द्रवाची सीमा सरकताना बघून हा वेग मोजण्याची पद्धत नीट बसवली. पुढे त्यांनी मातीवरही बरंच काम केलं. आपल्याकडच्या पुस्तकांत त्यांचं नाव फारसं भेटत नाही, ते मला खटकतं.

जाता जाता, सुश्रुतसंहितेत पाणी निवळायला कतक, म्हणजे आपली निवळी, सांगितली आहे. तिचा अर्क स्वतः ऋण भाराचा! तो कणांमध्ये लांब साखळ्यांचे पूल बांधतो. शेवग्याच्या बियांतली प्रथिनं मात्र धन भाराची. काम एक, वाटा दोन.

तुरटी जास्त झाली तर कणांचा भार उलटून ते धन होतात आणि पुन्हा तरंगू शकतात. म्हणून जलशुद्धीकरण केंद्रात चंचुपात्रांत वेगवेगळं प्रमाण घालून आधी बघतात. आमच्याकडे माप होतं चार वेढे. मी पाचवा फिरवायला गेलो की आजी ओरडायची, ‘‘अरे, पाणी तुरट होईल!’’